जनरेटरचे इंजिन का तापते? दुरुस्तीआधी तपासणीचा क्रम

यंत्रमागाचा कारखाना असो, छपाईचे दुकान असो की शिवणकामाचे युनिट, वीज गेली की सगळी मदार डिझेल जनरेटरवर येते. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या भागांत धंदा करणाऱ्या बांधवांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. विणकराला मजुरी मिळते ती विणलेल्या मालावर. माग थांबला की त्याची मजुरी थांबते, आणि कापड मुदतीत उतरले नाही की व्यापाऱ्याने दिलेला शब्दही जातो.

आम्ही कापडाच्या व्यापारातले. माल पाहण्यासाठी कारखान्यांत नेहमी जावे लागते, आणि ऐन कामाच्या वेळी जनरेटरच्या खोलीतून वाफ निघत असल्याचे आम्ही अनेकदा पाहिले आहे. अशा वेळी बहुतेक ठिकाणी एकच प्रकार घडतो. कोणी पाणी ओततो, कोणी थर्मोस्टॅट काढून फेकतो, कोणी नवा वॉटर पंप बसवतो. तरीही इंजिन तापतेच, आणि शेवटी हेड उघडण्याची पाळी येते. हजार रुपयांत सुटणारी गोष्ट लाखाच्या घरात जाते.

हकीम ताप पाहून लगेच दवा देत नाही, आधी नाडी पाहतो. इंजिनाचेही तसेच आहे. ते का तापते हे ठरवल्याशिवाय एकही पार्ट बदलू नये. ही तपासणी कशी करावी, कोणत्या क्रमाने करावी, आणि त्यातले मालकाने स्वतः काय पाहावे व मिस्त्रीवर काय सोपवावे, हे या लेखात मांडले आहे. विवेचन रेडिएटर असलेल्या, पाण्याने थंड होणाऱ्या डिझेल जनरेटरचे आहे. हवेवर थंड होणाऱ्या लहान इंजिनांना ते जसेच्या तसे लागू पडणार नाही.

उष्णता किती, आणि ती जाते कोठे?

प्रथम थोडा हिशेब. एक लिटर डिझेल जळल्यावर साधारण १० युनिट इतकी उष्णता निघते. त्यातून जनरेटर आपल्याला ३ ते साडेतीन युनिट वीज देतो. उरलेल्यापैकी मोठा भाग सायलेन्सरमधून धुराबरोबर बाहेर जातो आणि जवळपास चौथा हिस्सा इंजिनातल्या पाण्यात उतरतो.

आता ३० केव्हीएचा संच घेऊ. पूर्ण लोडवर तो तासाला साधारण ७ लिटर डिझेल खातो. म्हणजे त्याच्या पाण्यात १५ ते २० किलोवॅट उष्णता सतत येत राहते. एक हजार वॅटच्या पंधरा-वीस विजेच्या शेगड्या एका टाकीत बुडवून ठेवल्यासारखेच हे झाले. ही सगळी उष्णता रेडिएटरच्या जाळीतून हवेत गेली पाहिजे. काही मिनिटे जरी तिची वाट अडली तरी पाणी उकळू लागते.

या उष्णतेचा प्रवास दोन टप्प्यांत होतो. पहिला टप्पा पाण्याचा. पंप पाणी इंजिनाच्या ब्लॉकमध्ये ढकलतो, ते लायनरभोवती व हेडमधून फिरते, थर्मोस्टॅट उघडला की वरच्या होज पाईपने रेडिएटरमध्ये येते, नळ्यांतून खाली उतरताना थंड होते आणि खालच्या होजने पुन्हा पंपाकडे जाते. दुसरा टप्पा हवेचा. पंखा रेडिएटरच्या जाळीतून हवा ढकलतो आणि ती गरम हवा खोलीबाहेर गेली पाहिजे. इंजिन तापते तेव्हा बिघाड या दोन टप्प्यांत असतो, किंवा मुळात उष्णताच जास्त तयार होत असते. पाणी, हवा आणि लोड या तीन घरांपैकी बिघाड कोणत्या घरात आहे ते आधी शोधायचे.

इंजिन तापल्याबरोबर काय करावे?

तापमानाचा काटा वर चढत असेल, पण पाणी बाहेर पडत नसेल व बेल्ट शाबूत असेल, तर प्रथम सर्व माग बंद करून लोड काढावा. इंजिन तीन-चार मिनिटे रिकामे चालू द्यावे. पाणी फिरत राहिल्याने हेडमध्ये साचलेली उष्णता निघून जाते. काटा उतरू लागला की मग बंद करावे. मात्र होज फुटला असेल, बेल्ट तुटला असेल किंवा पाणी संपले असेल, तर इंजिन तत्काळ बंद करावे. पाण्याशिवाय ते रिकामे चालवणेही घातक असते.

यानंतरच्या चार गोष्टी कारखान्यातल्या प्रत्येकाला माहीत असाव्यात.

एक, गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आत दाब असतो. त्या दाबामुळेच पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झाले की दाब जातो, त्याच क्षणी पाण्याची वाफ होते आणि उघडणाऱ्याच्या तोंडावर व हातांवर येते. असे भाजणे आयुष्यभर पुरते. वरचा होज हातात निवांत धरता येईल इतका थंड झाल्यावरच, जाड फडके ठेवून झाकण हळूहळू फिरवावे.

दोन, तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये. बिडाच्या हेडला व ब्लॉकला त्याने तडा जातो.

तीन, पंख्याजवळ हात घालण्याआधी पॅनलवरील स्विच ‘ऑटो’वरून ‘बंद’वर आणावा आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी. वीज गेल्याबरोबर आपोआप सुरू होणारे संच आता सर्वत्र आहेत. मिस्त्री जाळीत हात घालून बसलेला असताना असा संच सुरू झाला तर काय होईल ते सांगायला नको.

चार, खोलीचे दार-खिडकी बंद ठेवून जनरेटर चालवू नये. आवाज कोंडला जातो, पण त्याबरोबर धूरही. त्यातील कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि तो माणसाला बेशुद्ध करून जीव घेतो.

पहिला प्रश्न: ते केव्हा तापते?

इंजिन थंड होईपर्यंत चालवणाऱ्याला जवळ बसवून विचारावे की ते नेमके केव्हा तापले. पाना हाती घेण्याआधी या एका प्रश्नातून बरेच कळते.

सुरू केल्यापासून पाच-दहा मिनिटांतच तापत असेल तर पाणी कमी आहे, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे, पंप फिरत नाही किंवा हेड गॅस्केट गेले आहे, असा संशय घ्यावा.

कमी लोडवर ठीक चालते, पण सगळे माग लावले की तासाभरात तापते, असे असेल तर उष्णता जाण्याची वाट अरुंद झाली आहे. जाळी भरली आहे, आत क्षार बसला आहे, बेल्ट घसरतो आहे किंवा लोडच जास्त आहे.

पहाटे व रात्री तक्रार नसते, दुपारीच तापते, असे असेल तर खोलीतील हवेकडे पाहावे. मे महिन्यात मालेगाव-भुसावळ पट्ट्यात बाहेरचेच तापमान ४४-४५ अंशांपर्यंत जाते. खोलीत गरम हवा कोंडली तर रेडिएटरला ५५-६० अंशांची हवा मिळते. तेवढ्या गरम हवेने पाणी थंड होईल अशी अपेक्षा धरता येत नाही.

थंड इंजिन सुरू केल्याबरोबर, पाणी तापण्याआधीच वरचा होज कडक फुगत असेल, तर धुराचा दाब पाण्यात शिरतो आहे. ही हेड गॅस्केटची खूण आहे.

दुसरी तपासणी: दोन होज

पिस्तुलासारखा धरून दुरून तापमान दाखवणारा थर्मामीटर हल्ली एक-दोन हजार रुपयांत मिळतो. ज्याच्याकडे जनरेटर आहे त्याने तो घ्यावाच. तो काळ्या रबरावर किंवा रंगवलेल्या भागावर धरावा. चकाकणाऱ्या धातूवर तो चुकीचा आकडा दाखवतो. संच नेहमीच्या लोडवर अर्धा तास चालल्यावर, पंख्यापासून लांब उभे राहून, वरच्या व खालच्या होजचे तापमान मोजावे आणि पॅनलवरील काट्याशी ताडून पाहावे. निरोगी इंजिनात वरचा होज काट्याच्या जवळपास असतो आणि खालचा त्यापेक्षा साधारण ५ ते १० अंशांनी कमी.

काटा वर चढलेला, पण वरचा होज कोमटच, असे दिसले तर पाणी रेडिएटरपर्यंत पोचतच नाही. थर्मोस्टॅट अडकला आहे, पंप काम करत नाही किंवा आत हवा कोंडली आहे.

वरचा होज फार गरम आणि खालचा बराच थंड, असे असेल तर पाणी अतिशय सावकाश वाहते आहे. रेडिएटरच्या नळ्या आतून तुंबल्या असाव्यात, पंपाचे पाते झिजले असावे किंवा खालचा होज ओढीने चपटा होत असावा.

दोन्ही होज जवळपास सारखेच गरम असतील तर पाणी फिरते आहे, पण हवा त्याची उष्णता घेत नाही. मग पाण्याच्या बाजूला हात न लावता जाळी, पंखा आणि खोली पाहावी.

दोन्ही होजचे तापमान रोजच्यासारखे आणि काटाच तेवढा वर असेल, तर काटा किंवा त्याचा सेन्सर खोटे बोलत असण्याची शक्यता आहे. याच्या उलटही घडते. पाणी पूर्ण संपले की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खाली येतो. चालवणाऱ्याला वाटते की इंजिन थंड झाले, आणि तेवढ्यात ते जाम होते. म्हणून चढलेला काटा कारण नसताना खाली आला तर लगेच इंजिन बंद करून पाणी पाहावे.

हवेची बाजू: आधी ब्रश, मग पाना

कापडाच्या धंद्यात इंजिन तापण्याचे सर्वांत मोठे कारण या बाजूला सापडते. मागाच्या खोलीतील हवेत सुताची तूस सतत उडत असते. सायझिंगजवळ तिच्यात खळीची पूड मिसळते, इंजिनाजवळ तेलाचा अंश मिसळतो, आणि जाळीवर नमद्यासारखा घट्ट थर बसतो.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. मोटारीच्या इंजिनात पंखा बाहेरची हवा जाळीतून आत ओढतो. म्हणून तिथे कचरा समोरच्या बाजूला बसतो आणि डोळ्यांना दिसतो. बहुतेक जनरेटर संचांत पंखा उलट काम करतो. तो इंजिनाकडची हवा जाळीतून बाहेर ढकलतो. म्हणून कचरा आतल्या बाजूला, पंखा आणि जाळी यांच्यामध्ये साठतो. बाहेरून पाहणाऱ्याला जाळी अगदी स्वच्छ दिसते.

आमच्या ओळखीच्या एका चोवीस मागांच्या कारखान्यात हेच झाले. इंजिन दुपारी तापायचे. आधी थर्मोस्टॅट बदलला, मग वॉटर पंप, ज्याला कारागीर वॉटर बॉडी म्हणतात. दोन्ही वेळा दिवसभर माग बंद राहिले आणि विणकर हात बांधून बसले. शेवटी रेडिएटर उतरवायचे ठरले, तेव्हा सायझिंगचे काम शिकलेला एक तरुण म्हणाला, “उस्ताद, पुढून तर साफच आहे. पंख्याच्या बाजूने बॅटरी मारून पाहिले का?” पंख्यावरचे आवरण काढले तेव्हा जाळीचा अर्ध्याहून अधिक भाग तुसेच्या थराने झाकलेला निघाला. दोन्ही होज सारखेच गरम आहेत हे पहिल्याच दिवशी मोजले असते, तर त्या दोन पार्टांचा खर्च आणि दोन दिवसांची मजुरी वाचली असती.

साफ करताना दिशा उलटी ठेवावी. हवा ज्या बाजूने बाहेर पडते त्या बाजूकडून आत फुंकावे, म्हणजे कचरा आला त्याच वाटेने बाहेर निघेल. कॉम्प्रेसरची हवा कमी दाबाने व हातभर अंतरावरून मारावी, कारण पातळ पट्ट्या वाकल्या की वाट कायमची अडते. तेलकट थर असेल तर साबणाचे पाणी लावून थोडा वेळ मुरू द्यावे आणि मग साध्या नळाच्या पाण्याने धुवावे. त्याआधी अल्टरनेटर व पॅनल प्लास्टिकने नीट झाकावे, कारण पाणी इंजिनाच्या दिशेनेच येणार असते. मागाच्या कारखान्यात हे काम आठवड्याला व्हावे.

यानंतर खोली पाहावी. रेडिएटरची गरम हवा पत्र्याच्या किंवा ताडपत्रीच्या नळीने थेट भिंतीबाहेर गेली पाहिजे. ताजी हवा आत येण्याचे भोक रेडिएटरच्या जाळीच्या सव्वा ते दीडपट मोठे असावे आणि ते शक्यतो अल्टरनेटरच्या बाजूला असावे, म्हणजे थंड हवा संपूर्ण संचावरून वाहत जाईल. हे नीट होते आहे का ते पाहण्याची युक्ती आपल्याच धंद्यातली आहे. सुताचा एक दोरा किंवा मलमलची पट्टी काठीला बांधावी आणि नळीच्या कडांजवळ, हवा आत येण्याच्या भोकाजवळ धरावी. पट्टी कोणत्या दिशेला उडते त्यावरून हवेची वाट कळते. गरम हवा नळीच्या फटीतून पुन्हा खोलीत येत असेल तर ती पट्टी लगेच दाखवते. खोलीतील हवा बाहेरच्या हवेपेक्षा ८-१० अंशांनी अधिक गरम असेल तर हवेची सोय अपुरी समजावी.

१ जानेवारी २००५ पासून तयार होणाऱ्या १,००० केव्हीएपर्यंतच्या संचांना आवाजाची मर्यादा लागू झाली. तेव्हापासून बहुतेक संच पत्र्याच्या बंद कॅनॉपीत येतात. त्यांतही दोन गोष्टी पाहाव्यात. आतला आवाज शोषणारा फोम जुना झाला की सुटतो आणि हवेच्या वाटेवर किंवा जाळीवर पडतो. शिवाय कॅनॉपी भिंतीला चिकटून ठेवली, किंवा तिच्या झरोक्यांसमोर सुताची पोती रचली, तर संच गुदमरतो. असे आम्ही एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे.

हवेच्या बाजूचा शेवटचा भाग म्हणजे पंख्याचा बेल्ट. बऱ्याच इंजिनांत हाच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो. इंजिन बंद असताना दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबावे. साधारण १० ते १५ मिलिमीटर दबला तर ठीक. काचेसारखा गुळगुळीत झालेला, तेल लागलेला किंवा चिरलेला बेल्ट बदलावा. एक जादा बेल्ट खुंटीला टांगलेला असावा.

पाण्याची बाजू

येथेही स्वस्त गोष्टीपासून सुरुवात करावी.

इंजिन थंड असताना पाण्याची पातळी पाहावी. बंद फेऱ्यातले पाणी रोज कमी होण्याचे कारण नाही. रोज लिटरभर घालावे लागत असेल तर ते कोठेतरी जाते आहे. होजच्या क्लिपा, रेडिएटरचे सांधे आणि पंपाखालचे बारीक छिद्र पाहावे. त्या छिद्रातून थेंब पडणे म्हणजे पंपाचे सील गेले. बाहेर कोठेही ओल नसेल तर पाणी इंजिनाच्या आत जाते आहे, आणि मग हेड गॅस्केटची तपासणी करावी.

पाणी भरल्यानंतर आत हवा राहते. झाकण उघडे ठेवून इंजिन थंड अवस्थेत सुरू करावे. थर्मोस्टॅट उघडला की बुडबुडे येऊन पातळी खाली जाते. ती भरून मग झाकण लावावे. हवा काढण्याचा स्क्रू दिला असेल तर तो वापरावा.

झाकण क्षुल्लक दिसते, पण मोठे काम करते. त्यावर दाबाचा आकडा छापलेला असतो. अर्धा बार दाब टिकला तर साधे पाणी सुमारे १११ अंशांवर उकळते. रबर कडक झाले किंवा स्प्रिंग ढिली पडली तर ते १०० अंशांवरच उकळून वाहून जाते. झाकण त्याच आकड्याचे घ्यावे. जास्त आकड्याचे बसवले तर होज किंवा रेडिएटर फुटतो. इंजिन थंड झाल्यावर वरचा होज चपटा झालेला दिसला तर झाकणातील हवा आत घेणारी झडप अडकली आहे.

थर्मोस्टॅट तपासणे सोपे आहे. तो काढून पातेल्यातील पाण्यात दोऱ्याने लोंबकळत ठेवावा, तळाला टेकू देऊ नये. शेगडीवर पाणी तापवावे आणि थर्मामीटर धरावा. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडू लागला आणि पुढे पूर्ण उघडला तर चांगला आहे. बिघडलेला बदलावा, पण तो काढून टाकून इंजिन चालवू नये. मग इंजिन गरजेपेक्षा थंड चालते, डिझेल अधिक खाते आणि लवकर झिजते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसल्यास पाणी रेडिएटरला न जाता जवळच्या वाटेने परत पंपाकडे वळते आणि इंजिन उलट अधिक तापते.

आता पाण्याचा दर्जा. बोअरचे जड पाणी घालण्याची सवय फार महाग पडते. पाणी तापले की त्यातला क्षार सर्वांत गरम जागी, म्हणजे लायनरभोवती व हेडमध्ये बसतो. चहाच्या जुन्या किटलीत बसतो तसाच. हा थर लोखंडाच्या मानाने उष्णता कित्येक पटींनी कमी पुढे जाऊ देतो. बाहेरून रेडिएटर चकचकीत असला तरी आत धातू भाजत राहतो. म्हणून डिस्टिल्ड किंवा डीएम पाणी आणि इंजिनाच्या पुस्तकात सांगितलेले कूलंट, त्यात दिलेल्या प्रमाणात वापरावे. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असे विचारले जाते. कूलंट गंज रोखते, पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवते आणि लायनरला बाहेरून पडणारी बारीक छिद्रे टाळते. दोन प्रकारची कूलंटे मिसळू नयेत. त्याची चव गोडसर असते आणि ते विषारी आहे. मुले व जनावरे यांच्यापासून दूर ठेवावे, गटारात ओतू नये.

आत क्षार बसलाच असेल तर इंजिनासाठी बनवलेले साफ करणारे द्रावण मिस्त्रीकडून वापरून घ्यावे. फरशी धुण्याचे ॲसिड कदापि घालू नये. ते ॲल्युमिनियमचे भाग व सील खाऊन टाकते. तांबे-पितळेचा जुना रेडिएटर चांगला कारागीर उघडून नळ्यांतून सळई फिरवून साफ करून देतो. ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला प्लास्टिकची टाकी असल्यास सहसा नवाच घ्यावा लागतो.

लोडचा हिशेब

पाणी व हवा दोन्ही ठीक असूनही इंजिन तापत असेल तर आपणच त्याच्याकडून ताकदीपेक्षा जास्त काम घेत आहोत का ते पाहावे. ३० केव्हीए म्हणजे ३० किलोवॅट नव्हे. ०.८ पॉवर फॅक्टर धरून ते २४ किलोवॅट होतात, आणि तीन फेजवर ४१५ व्होल्टला प्रत्येक फेजमध्ये सुमारे ४२ अँपिअर. एक अश्वशक्तीच्या चोवीस मोटारी पूर्ण ताकदीने चालल्या तर लहान मोटारींची कार्यक्षमता धरता २३ किलोवॅटच्या आसपास वीज खातात. त्यात दिवे, पंखे, बॉबिन भरण्याचे यंत्र जोडले की मर्यादा ओलांडली जाते. मोटारींचा पॉवर फॅक्टर कमी असेल तर अँपिअर आणखी वाढतात.

इलेक्ट्रिशियनकडून टाँग टेस्टरने तिन्ही फेजचे अँपिअर मोजून घ्यावेत. एका फेजवर फार आणि दुसऱ्यावर कमी असेल तर वाटणी सुधारावी. सतत चालणाऱ्या कामासाठी ३० केव्हीएच्या संचावर ३३-३४ अँपिअरपर्यंत, म्हणजे ऐंशी टक्क्यांच्या आसपास राहणे शहाणपणाचे. माग एकदम सुरू करू नयेत. मोटार सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते.

काळा धूर येत असेल तर एअर फिल्टर पाहावा. तोही तुसेने भरतो. हवा कमी, डिझेल तेवढेच, म्हणजे उष्णता जास्त. फिल्टर स्वच्छ असूनही धूर काळा असेल तर नोझल व पंपाचा टायमिंग पाहण्याचे काम जाणत्या मिस्त्रीचे आहे.

हेड उघडण्याआधी

वरच्या सर्व गोष्टी तपासूनच हेड गॅस्केटकडे यावे. त्याच्या खुणा अशा: थंड इंजिन झाकण काढून सुरू केले की रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात, डिपस्टिकवरील ऑइल दुधाळ दिसते, इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघत राहते, आणि बाहेर गळती नसताना पाणी कमी होते. पाण्यावर ऑइलचा तवंग असेल तर ऑइल कूलरही पाहावा. ऑइल दुधाळ दिसले तर इंजिन पुन्हा सुरूच करू नये. पाणी मिसळलेल्या ऑइलने बेअरिंगे जातात. हेड उघडले तर केवळ गॅस्केट बदलून भागत नाही. हेड वाकले आहे का ते सरळ पट्टी लावून तपासून घ्यावे, आणि ते मुळात तापले कशाने हे शोधल्याशिवाय परत बसवू नये. नाहीतर नवे गॅस्केटही त्याच वाटेने जाते.

एक वही ठेवा

जनरेटरच्या खोलीत खिळ्याला एक वही टांगावी. तीत तारीख, किती तास चालले, लोडचे अँपिअर, पाण्याचा काटा, दोन्ही होजचे तापमान आणि किती पाणी घातले, एवढेच लिहावे. दिवसाला दोन मिनिटांचे काम आहे. काटा महिन्याभरात ८२ वरून ८८ वर सरकला, तर वाफ निघण्याच्या कितीतरी आधी वही ते सांगते, आणि जाळी साफ करण्याचे काम सुट्टीच्या दिवशी, कोणाची मजुरी न बुडवता उरकता येते. मिस्त्री आला की हीच वही त्याच्या हाती द्यावी. त्याचा अर्धा शोध तिथेच संपतो. रोज संच बंद करण्याआधी लोड काढून तीन ते पाच मिनिटे रिकामा चालवण्याची सवय लावावी, आणि उन्हाळ्याच्या आधी, फेब्रुवारीतच, बेल्ट, होज, झाकण व जाळी यांची एकदा पूर्ण तपासणी करून घ्यावी.